दुभत्यापासून पिशवीपर्यंत : भारतातील दुग्धसेवनाची सात दशके

भारतात १९५०-५१ साली सुमारे १ कोटी ७० लाख टन दूध निघत होते आणि २०२३-२४ साली हाच आकडा २३ कोटी ९३ लाख टनांवर गेला. म्हणजे लोकसंख्या साधारण चौपट होत असताना दूध चौदापट झाले. सरकारी अहवालांत या वाढीचे सार ‘दरडोई उपलब्धता’ या एका आकड्यात सांगितले जाते. देशात वर्षभरात निघालेल्या दुधाला लोकसंख्येने आणि वर्षाच्या दिवसांनी भागले की जे उत्तर येते, ती दरडोई उपलब्धता होय. ती १९५०-५१ मध्ये रोज सुमारे १३० ग्रॅम होती, १९७०-७१ च्या सुमारास ११२ ग्रॅमपर्यंत घसरली, १९९०-९१ मध्ये १७६ वर चढली, २०१०-११ मध्ये २८१ झाली आणि २०२३-२४ मध्ये ४७१ ग्रॅमवर पोचली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सुचवलेले रोजचे प्रमाण ३०० ग्रॅमच्या घरातले आहे, हे लक्षात घेतले तर या हिशेबाने देशाची गरज भागून वर दूध उरायला हवे. परंतु उपलब्धता आणि सेवन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दूध कोणत्या रूपात पोचले, ते रूप त्याला कोणी दिले आणि अखेर ते कोणाच्या ताटात पडले, यांतले काहीही भागाकारातून कळत नाही. आणि गेल्या सात दशकांतला सर्वांत खोल बदल नेमका याच तीन ठिकाणी झालेला आहे.

मराठीत या साऱ्या विषयासाठी एक जुना आणि नेमका शब्द आहे : दुभते. घरात दुभते आहे असे म्हटले की त्यात दूध, दही, ताक, लोणी, तूप हे सगळे आले आणि ते देणारी गाय किंवा म्हैसही आली. सकाळची धार काढून आणलेले दूध मंद आचेवर तापवायचे, ते निवले की वर आलेली जाड साय काढून ठेवायची, उरलेल्या कोमट दुधाला विरजण लावायचे, साठलेली साय विरजून दोन-चार दिवसांनी रवीने घुसळायची, वर आलेला लोण्याचा गोळा पाण्यात धुऊन घ्यायचा आणि तो कढवून, शेवटी विड्याचे पान टाकून, तूप गाळून घ्यायचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या बायकांच्या हातात होता. तूप गाळल्यावर भांड्याच्या तळाशी राहिलेली बेरी साखर घालून मुलांच्या हातावर पडे. जाळीच्या दारांचे दुभत्याचे कपाट किंवा आढ्याला टांगलेले शिंकाळे ही या कामाची घरातली जागा होती. दुग्धप्रक्रिया हा शब्द आज कारखान्याशी जोडला गेला असला, तरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत देशातली बहुतेक दुग्धप्रक्रिया स्वयंपाकघरातच होत होती, ही गोष्ट आढावा घेताना सहसा निसटते.

या क्रमामागे एक कठोर व्यवहारही होता. उन्हाळ्यात न तापवलेले दूध काही तासांत नासते, दही एक-दोन दिवस टिकते आणि नीट कढवलेले तूप महिनोन्‌महिने राहते. त्यामुळे रेल्वे आणि शीतगृहे खेड्यापर्यंत पोचण्यापूर्वी दूरच्या बाजारात जाऊ शकणारा दुभत्याचा एकच पदार्थ होता, तो म्हणजे तूप. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साडेसहा-सात टक्के धरला तर एक किलो तुपाला पंधरा-सोळा लिटर दूध लागते, गाईच्या दुधात तो जेमतेम चार टक्के असल्याने पंचवीस लिटरांच्या वर दूध लागते. स्वातंत्र्याच्या आसपास देशातल्या दुधाचा फार मोठा वाटा तुपाकडे वळत होता तो याच कारणाने. तूप गावाबाहेर जाई, मात्र त्या पंधरा लिटर दुधातली प्रथिने, चुना आणि साखर तुपाबरोबर जात नसत. ती ताकात उतरत आणि ताक गावातच राही. ताक टिकत नव्हते, त्याला गिऱ्हाईक नव्हते, आणि ते विकणे हे घरंदाजपणाला कमीपणा आणणारे मानले जाई. म्हणून ते मागेल त्याला मिळे. ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ ही म्हण त्या व्यवहारातूनच आली आहे. शेजारी ताक मागायला जाणे ही रोजची गोष्ट होती म्हणूनच तिथे जाऊन संकोचणे हास्यास्पद ठरत होते. ज्याच्या दारी जनावर नव्हते अशा मजूर, कारागीर, बलुतेदार कुटुंबांच्या भाकरीबरोबर दुभत्याचा जो काही अंश पोचे, तो बव्हंशी या ताकातून पोचे. त्यात जातीपातीच्या अटी होत्या, उपकाराचे ओझेही होते, आणि त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही; पण पोषणाच्या हिशेबात तिची नोंद झाली पाहिजे, कारण पुढे ती हळूहळू नाहीशी झाली आणि तिच्या जाण्याची नोंद कोणत्याही उत्पादन-तक्त्यात झालेली नाही.

बदलाला सुरुवात झाली ती शहराच्या तहानेतून, आणि ते शहर मुंबई होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईची वस्ती फुगली, शहरातल्या गोठ्यांतले दूध अपुरे आणि अस्वच्छ ठरू लागले, तेव्हा १९४५ मध्ये सरकारने मुंबई दूध योजना सुरू करून सुमारे चारशे किलोमीटरवरच्या गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातून दूध आणण्याची व्यवस्था केली. हे दूध गोळा करण्याचा मक्ता पोल्सन या खासगी डेअरीकडे होता. मुंबईत मिळणाऱ्या भावाचा पुरेसा वाटा आपल्यापर्यंत येत नाही म्हणून जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी शेतकऱ्यांची सभा झाली, दूध न घालण्याचा संप झाला, आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. आणंदचा हाच संघ पुढे अमूल या नावाने घरोघरी पोचला. आणंदच्या सहकाराची कहाणी सांगताना उत्पादकाच्या शोषणापासून सुरुवात करण्याचा प्रघात आहे; ती सुरुवात खरी असली, तरी त्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला चहाचे आधण ठेवून दुधाची वाट पाहणारा गिरणगावातला कामगार उभा होता, हे विसरून चालत नाही.

मुंबईनेच आणखी एक गोष्ट देशाला दिली, ती म्हणजे टोन्ड दूध. १९४० च्या दशकाच्या मध्यात दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी ही कल्पना व्यवहारात आणली. म्हशीचे दूध घट्ट असते, त्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी ठरलेल्या प्रमाणात मिसळले तर स्निग्धांश उतरतो पण स्निग्धेतर घनपदार्थ, म्हणजे प्रथिने, दुग्धशर्करा व क्षार, पुरेसे राहतात. आजच्या मानकानुसार टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ असावे लागतात, तर फुल क्रीम दुधात हेच प्रमाण ६ आणि ९ टक्के असते. म्हशीच्या एका लिटर दुधातून अशा रीतीने जवळजवळ दोन लिटर टोन्ड दूध तयार होते. गवळ्याने घातलेले पाणी आणि शास्त्राने घातलेले पाणी यांतला फरक ग्राहकाला पटवून देणे सोपे नव्हते, परंतु पुढील काळात शहरी भारताने प्यायलेल्या दुधाचा मोठा भाग याच प्रकारचा होता. १९४९ मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली, शहरातल्या गोठ्यांमधल्या हजारो म्हशी तिथे हलवण्यात आल्या, आणि ॲल्युमिनियमच्या पातळ झाकणाच्या काचेच्या बाटल्यांतून, कार्डावर, पहाटेच्या केंद्रांवर दूध मिळू लागले. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे आणि कार्ड नसलेल्याला उरले तरच मिळे. खुरोडी, त्रिभुवनदास पटेल आणि अमूलचे व्यवस्थापक व्हर्गीस कुरियन या तिघांना १९६३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार एकत्रितपणे देण्यात आला, यावरून त्या काळी शहराला दूध पुरवणे हा केवढा प्रश्न होता ते कळते.

ही धडपड चालू असतानाच राष्ट्रीय पातळीवर दूध कमी पडत चालले होते. १९५०-५१ ते १९७०-७१ या वीस वर्षांत उत्पादन १ कोटी ७० लाख टनांवरून २ कोटी २० लाख टनांपर्यंतच वाढले, लोकसंख्या मात्र निम्म्याने वाढली. टंचाई इतकी तीव्र होती की १९६५ मध्ये पश्चिम बंगालात मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारने छेन्याच्या मिठाईवर बंदी घातली. दूध फाडून त्याचा छेना करण्यापेक्षा ते मुलांना प्यायला मिळावे असा त्यामागचा विचार होता. रसगुल्ला आणि संदेश यांवर ज्या समाजाचे सणवार उभे आहेत त्याला हा निर्णय किती झोंबला असेल, याची कल्पना पेढ्याविना बारसे ज्यांना सुचत नाही त्या मराठी वाचकांना सहज करता येईल. ही बंदी टिकली नाही, पण दुधाचा कोणता उपयोग समाजाच्या दृष्टीने रास्त, असा प्रश्न सरकारने उघडपणे हाती घेतल्याचा तो दुर्मीळ प्रसंग होता.

टंचाईचे एक कारण ऋतुचक्रातही होते. म्हशी मुख्यतः पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत वितात, त्यामुळे हिवाळ्यात दूध भरपूर असते आणि उन्हाळ्यात आटते. दूध व्यवसायात या दोन कालखंडांना पुष्टकाळ आणि कृशकाळ म्हणतात. पुष्टकाळातले जास्तीचे दूध भुकटी करून ठेवता आले तर ते कृशकाळात वापरता येईल हे उघड होते, पण म्हशीच्या दुधाची फवारापद्धतीने भुकटी होऊ शकत नाही असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. अमूलचे दुग्धतंत्रज्ञ हरिचंद दलाया यांनी ती आणंदमध्ये करून दाखवली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिथल्या भुकटी कारखान्याचे उद्घाटन झाले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री १९६४ च्या ऑक्टोबरअखेरीस आणंदला आले, एक रात्र जवळच्या अजरपुरा गावात राहिले, आणि त्या भेटीतून १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले. १९७० मध्ये या मंडळाने ‘ऑपरेशन फ्लड’, म्हणजे दूध महापूर योजना, हाती घेतली. तिच्या पहिल्या टप्प्यात युरोपीय आर्थिक समुदायाने जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत दिलेली १ लाख २६ हजार टन दूधभुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल भारतात आले. ते पाण्यात मिसळून त्याचे पुन्हा दूध करून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत विकायचे आणि त्या पैशांतून ग्रामीण संकलन, शीतकरण केंद्रे व टँकरची वाहतूक उभारायची, अशी ही रचना होती. देणगीचे दूध फुकट वाटले असते तर देशी दुधाचा भाव पडला असता. ते बाजारभावाने विकले म्हणून तसे झाले नाही, आणि या योजनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच म्हणावी लागेल. योजनेचे तीन टप्पे १९९६ पर्यंत चालले आणि १९९८ मध्ये भारताने अमेरिकेला मागे टाकून दूध उत्पादनात जगात पहिले स्थान मिळवले.

या योजनेवर झालेली टीका मात्र आज जवळजवळ विस्मरणात गेली आहे आणि सेवनाच्या प्रश्नाला ती थेट भिडते. गोव्यातील पर्यावरण-अभ्यासक क्लॉड अल्वारिस यांनी १९८३ मध्ये ‘इलस्ट्रेटेड वीकली’त लिहिलेल्या लेखाने मोठी खळबळ उडवून दिली, आणि १९८५ मध्ये शांती जॉर्ज यांचे या योजनेची तपशिलाने चिकित्सा करणारे पुस्तक आले. दूध खेड्यातून शहराकडे खेचले जाते, रोख पैशासाठी उत्पादक स्वतःच्या मुलांचे दूध डेअरीला घालतो, आणि शहरातही ते क्रयशक्ती असलेल्या घरांतच पोचते, असा या टीकेचा रोख होता. उत्पादनवाढीबद्दलच्या काही शंका पुढच्या काळाने खोट्या ठरवल्या. १९९० नंतरची वाढ नाकारता येत नाही. दुधाच्या पैशातून घरात धान्य, डाळ, शाळेची फी आणि औषधपाणी येते, त्यामुळे दूध विकणे म्हणजे पोषण गमावणे असे सरळ समीकरण मांडता येत नाही, हे योजनेच्या बाजूचे उत्तरही वजनदार आहे. तरीही टीकेचा एक धागा खरा होता. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ तपासून, म्हणजे स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थ मोजून, दुधाचे रोख पैसे मिळू लागल्यावर घरी घुसळायला दूध उरेना. घुसळण थांबली तसे ताक थांबले, आणि ज्यांना ते ताक मिळत होते त्यांचा दूध महापुराच्या हिशेबात कोणी विचार केला नाही, कारण ते उत्पादकही नव्हते आणि ग्राहकही नव्हते.

हे केवळ अनुमान नाही, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आकड्यांत त्याची चाहूल लागते. हे सर्वेक्षण उपलब्धता मोजत नाही, घरोघरी जाऊन मागील महिन्यात काय आणि किती खाल्ले ते विचारते. १९९३-९४ मध्ये ग्रामीण भागात माणशी महिन्याला ३.९४ लिटर दूध घरात वापरले जात होते आणि २००४-०५ मध्ये हे प्रमाण ३.८७ लिटर होते, म्हणजे अकरा वर्षांत ते वाढले तर नाहीच, किंचित घटले. याच अकरा वर्षांत देशाची दरडोई उपलब्धता रोजच्या १८७ ग्रॅमवरून २३३ ग्रॅमपर्यंत, जवळजवळ पाव हिश्शाने, वाढली होती. शहरी भागात हाच आकडा ४.८९ वरून ५.११ लिटरवर गेला. २०११-१२ मध्ये ग्रामीण सेवन ४.३३ आणि शहरी ५.४२ लिटर झाले. महिन्याचे ४.३३ लिटर म्हणजे दिवसाचे १४४ मिलिलिटर, एका भरल्या पेल्याहून कमी; चहाच्या तीन कपांत ते सहज संपते. त्या वर्षी उपलब्धता २९० ग्रॅम होती. मधला फरक कुठे गेला याची अनेक उत्तरे आहेत : काही दूध तूप, खवा, पनीर आणि मिठाई यांत गेले, काही हॉटेलांत आणि टपऱ्यांवर गेले, जिथल्या चहाची नोंद सर्वेक्षणात दुधाखाली न होता पेये आणि तयार खाद्यपदार्थांखाली होते, आणि उत्पादनाचे अंदाज काही प्रमाणात फुगलेले असावेत ही शंकाही अभ्यासक वारंवार बोलून दाखवतात. कोणते उत्तर किती खरे याबद्दल मतभेद होऊ शकतात, पण उपलब्धतेचा आकडा दाखवून पोषणाचा प्रश्न मिटल्याचे सांगणे योग्य नाही, एवढे या तफावतीवरून निश्चित म्हणता येते.

याच सर्वेक्षणांतल्या खर्चाच्या आकड्यांचाही अनेकदा चुकीचा अर्थ लावला जातो. अन्नावरच्या खर्चात दुधाने तृणधान्यांना मागे टाकले ही बातमी भारतीय कुटुंब समृद्ध आहाराकडे वळल्याची खूण म्हणून सांगितली जाते. १९९३-९४ मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी सुमारे २४ टक्के तृणधान्यांवर आणि साडेनऊ टक्के दूध व दुधाच्या पदार्थांवर जात होते. २०२३-२४ मध्ये तृणधान्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास आला आणि दुधाचा साधारण साडेआठ टक्के राहिला. सर्वेक्षणाच्या पद्धती बदललेल्या असल्याने या आकड्यांची काटेकोर तुलना होत नाही, पण दिशा स्पष्ट आहे : दूध आपल्या जागी थांबले आणि धान्याचा वाटा खाली उतरला. त्यातही आता पेये आणि तयार खाद्यपदार्थ दुधाच्या पुढे गेले आहेत, आणि त्यांत बिस्किटापासून बाहेरच्या चहापर्यंत दुधाचे कितीतरी अंश लपलेले आहेत.

राष्ट्रीय सरासरीच्या मर्यादा प्रदेशांच्या तुलनेत सर्वांत ठळकपणे दिसतात. पंजाबात दरडोई उपलब्धता रोज १,२०० ग्रॅमच्या वर आहे, राजस्थान आणि हरियाणाही एक किलोच्या पुढे आहेत, तर आसाममध्ये ती १०० ग्रॅमपर्यंतही पोचत नाही. हा फरक फक्त दारिद्र्याचा किंवा विकासाचा नाही. प्रौढ वयातही दुग्धशर्करा पचवण्याची क्षमता देणारा जनुकीय बदल वायव्य भारतात पुष्कळ आढळतो आणि पूर्वेकडे व दक्षिणेकडे विरळ होत जातो. चराऊ कुरणे, गव्हाचे काड आणि कोरडी हवा यांचाही नकाशा जवळपास तसाच आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातही हे दिसते. कोकणात आणि गोव्यात भाताचे तुटपुंजे पिंजर, दमट हवा आणि लहान चणीची जनावरे यांमुळे दुभते नेहमीच बेताचे राहिले आणि जेवणातला स्निग्धांश नारळाच्या रसाने भरून काढला. सोलकढी हे एका अर्थी त्या प्रदेशाचे ताकच आहे. घाट चढून कोल्हापुरात आले की चित्र पार पालटते. तिथे गंगावेशच्या दूध कट्ट्यावर पंढरपुरी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते आणि फेसाळलेले धारोष्ण दूध उभ्या उभ्या प्यायले जाते. दूध पिशवीत शिरल्याला इतकी वर्षे झाली तरी हा कट्टा चालू आहे, याचे कारण तालमींच्या परंपरेइतकेच, डोळ्यांसमोर निघालेल्या दुधावरच्या विश्वासातही आहे.

रूपांच्या बदलात सर्वांत लांबचा प्रवास तुपाने केला. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला आणि स्वस्त, दाणेदार, तुपासारखे दिसणारे वनस्पती तूप गरीब व मध्यमवर्गीय घरांत शिरले. खऱ्या तुपात त्याची भेसळ इतकी वाढली की भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे करावे लागले. तिळाच्या तेलावर विशिष्ट रसायनाने गुलाबी छटा येते, त्यामुळे तुपाच्या नमुन्यात वनस्पती असल्यास ती पकडता येते. ‘साजूक तूप’ हा शब्दप्रयोग इतका रुळला तो या काळात, कारण तुपाला आपला खरेपणा विशेषण लावून सिद्ध करावा लागू लागला. पुढे हृदयविकाराच्या धास्तीने अनेक घरांनी तूप स्वतःहून कमी केले आणि अलीकडच्या काळात, वनस्पतीतल्या ट्रान्स स्निग्धाम्लांचे दुष्परिणाम कळल्यावर, ते पुन्हा मानाने परतले. परतले ते मात्र बरणीतून. सायीचे तूप घरी कढवणारी घरे आजही आहेत, पण सायच न धरणारे टोन्ड दूध ज्या घरात येते तिथे हा प्रश्न निकालातच निघालेला आहे.

१९९१ नंतर दुग्धव्यवसायावरची परवान्याची अट उठली, १९९२ चा दूध व दुग्धपदार्थ आदेश पुढे २००२ मध्ये सैल झाला, खासगी डेअऱ्या वाढल्या आणि पदार्थांची रांग लांबली. पनीर हा एके काळी महाराष्ट्रात फारसा परिचित नसलेला पदार्थ लग्नाच्या पंगतीपासून शाळेच्या डब्यापर्यंत पोचला. १९९६ मध्ये दिल्लीत पिझ्झाच्या एका परदेशी साखळीचे पहिले दुकान उघडल्यावर मोझरेला चीजला गिऱ्हाईक मिळू लागले, आणि आइस्क्रीमच्या शेजारी वनस्पती तेलापासून बनवलेले ‘फ्रोझन डेझर्ट’ दिसायला तसेच पण कायद्याने वेगळे म्हणून उभे राहिले. या सर्वांत श्रीखंडाची गोष्ट मराठी घराला सर्वांत जवळची. दही फडक्यात बांधून रात्रभर टांगायचे, सकाळी चक्का पुरणयंत्रातून काढायचा, साखर, केशर, वेलची घालून फेटायचा, हे काम पाडव्याच्या आदल्या रात्रीपासून चाले. वडोदऱ्याच्या सहकारी दूध संघाने फडक्याच्या जागी अपकेंद्री यंत्र आणले, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पिंपात दह्यातले पाणी काही मिनिटांत वेगळे होऊ लागले, आणि श्रीखंड सणावारी करण्याच्या पदार्थाऐवजी दुकानाच्या फ्रीजमधला डबा झाले. फडक्यातून ठिबकणारे ते हिरवट पाणी घरी कणकेत जिरे किंवा कढीत, नाहीतर मोरीत जाई. अशाच पाण्यातली, मुख्यतः चीज करताना निघणाऱ्या पाण्यातली, प्रथिने वाळवून आज व्हे प्रोटीनची भुकटी होते आणि व्यायामशाळेत जाणारी तरुण मुले तिच्या डब्याला हजारो रुपये मोजतात. ताकाच्या वाट्याला हाच प्रवास आला आहे : मागेल त्याला मिळणारे ताक आता मसाला घालून छोट्या पिशवीत, किमतीसह मिळते.

वस्तू अनोळखी हातांतून येऊ लागली की संशय येतोच. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये १,१०३ शहरांतून ६,४३२ नमुने घेतले, त्यांपैकी आरोग्यास धोकादायक अशी भेसळ अवघ्या १२ नमुन्यांत सापडली; मात्र सुमारे सात टक्के नमुने असुरक्षित ठरले, आणि त्यामागचे मुख्य कारण चाऱ्याच्या बुरशीतून दुधात उतरणारे ॲफ्लाटॉक्सिन हे विष होते. लोकांच्या मनातली भीती युरिया आणि डिटर्जंटची आहे, प्रत्यक्ष धोका भिजलेल्या पेंडीत आणि ओलसर कडब्यात आहे, आणि त्यावर इलाज पोलिसांच्या छाप्याने होत नाही, कोरड्या कोठाराने होतो. ग्राहकाच्या या अस्वस्थतेतूनच, देशी गाईंचे म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘ए-टू’ दुधाचा महागडा बाजार उभा राहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये याच प्राधिकरणाने असे दावे वेष्टनावरून काढण्याची सूचना दिली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली, त्यामुळे ग्राहक होता तिथेच राहिला.

सेवनाच्या आकड्यांत अजून एक जागा रिकामी आहे. सर्वेक्षणाचे एकक कुटुंब आहे, आणि कुटुंब म्हणजे एकाच चुलीवर शिजलेले अन्न खाणारी माणसे अशी त्याची व्याख्या आहे. महिन्याचे दूध घरातल्या डोक्यांनी भागले जाते आणि माणशी आकडा तयार होतो. त्यात दोन वर्षांचे मूल, दूध घालून आलेला बाप, बाळंतीण आणि म्हातारी आजी यांना समान वाटा दिलेला असतो. प्रत्यक्षात दुभत्याच्या घरातही दुधाची वाटणी कधीच समान नव्हती. मुलग्याला पेला, कर्त्या पुरुषाला वाटीभर दही, आणि शेण काढणे, वैरण घालणे, धार काढणे ही सगळी कामे करणाऱ्या बाईला चहात पडेल तेवढे, ही रीत कित्येक घरांत पाहायला मिळे आणि आजही मिळते. देशातल्या दुधामागचे बहुतांश श्रम बायकांचे आहेत. माणशी ४७१ ग्रॅमपैकी त्यांच्या वाट्याला किती आले, हे विचारणारा रकाना घरोघर फिरणाऱ्या त्या प्रश्नावलीत नाही.